संरक्षण विधेयकावर सही झाली, मग पैसे कुठे अडले? आणि ज्याने विधेयक लिहिलं तोच 'नाही' का म्हणतो?

निवृत्त_सांगलीकर
२७ डिसेंबर २०२५, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. हा धागा राजकारणात टाकावा की परदेशात ते कळलं नाही. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा भाचा अमेरिकेच्या लष्करात आहे. ग्रीन कार्डावर होता, २०२२ मध्ये भरती झाला, आता नॉर्थ कॅरोलिनात स्पेशालिस्ट आहे. म्हणजे अजून खालच्याच पायऱ्यांवर. ऑक्टोबरात तिकडचं सरकार बंद पडलं तेव्हा बहिणीचा रोज सकाळी फोन: "दादा, पोराचा पगार होणार का?" मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे घरातला पैशाचा कुठलाही प्रश्न माझ्याच दारात येतो, मग तो वॉशिंग्टनचा का असेना. तेव्हापासून तिकडच्या बातम्या वाचायची सवय लागली आणि डोक्यात तीन गाठी बसल्या. कोणी सोडवून देईल का?

पहिली गाठ. १८ डिसेंबरला त्यांच्या संरक्षण विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. एनडीएए म्हणतात त्याला. सुमारे ९०१ अब्ज डॉलर. हाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या खालच्या सभागृहात, ३१२ विरुद्ध ११२, वरच्या म्हणजे सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २०. मी लगेच बहिणीला फोन लावला, म्हटलं आता वर्षभराची चिंता मिटली. संध्याकाळी भाच्याचा फोन: "मामा, तू आईला काय सांगितलंस? ३० जानेवारीला परत तेच होऊ शकतं." एवढ्या बहुमताने मंजूर झाल्यावरही पैसे नाहीत, म्हणजे मंजूर नक्की काय झालं?

दुसरी. अॅडम स्मिथ नावाचे एक खासदार आहेत. हाउसच्या संरक्षण समितीत डेमोक्रॅट पक्षाचे सगळ्यात वरिष्ठ. विधेयक लिहिणाऱ्या चौघांपैकी एक. गेल्या वर्षी डिसेंबरात, ज्या विधेयकात माझ्या भाच्यासारख्या पोरांना १४.५ टक्के पगारवाढ होती, त्याला त्यांनी 'नाही' म्हटलं. स्वतः स्वयंपाक करायचा आणि पानावर बसायचं नाही, हा काय प्रकार?

तिसरी गाठ किरकोळ आहे, पण तिनेच मला जास्त छळलंय. दिवाळीचा फराळ पाठवतो आम्ही दरवर्षी. २०२२ ला पत्ता फोर्ट ब्रॅग होता. २०२३ आणि २०२४ ला फोर्ट लिबर्टी. यंदा परत फोर्ट ब्रॅग. कुरियरवाला म्हणाला, काका एकदा नक्की ठरवा. भाचा म्हणतो, "हे पण त्याच बिलातून आलं." पगाराच्या कायद्यात गावांची नावं?

वैदेही_व्हर्जिनिया
२७ डिसेंबर २०२५, रात्री ८:३५

काका, तुम्ही बँकेतले आहात म्हणून माझं काम निम्म्यावर आलं. तुम्ही सँक्शन लेटर वाचलंत आणि बहिणीला सांगितलंत की रक्कम खात्यात जमा झाली. बाकी काही नाही.

एनडीएए हे सँक्शन आहे. संरक्षण खात्याने काय करावं, किती सैनिक ठेवावेत, कुठलं विमान घ्यावं, कुठल्या कामावर जास्तीत जास्त किती खर्च व्हावा, हे ते सांगतं. डिसबर्समेंट, म्हणजे प्रत्यक्ष पैसे सुटणं, दुसऱ्या कायद्यातून होतं, त्याला अॅप्रोप्रिएशन म्हणतात. आपल्याकडचं विनियोजन विधेयक. सँक्शन लिहिते आर्म्ड सर्व्हिसेस समिती, पैसे सोडते अॅप्रोप्रिएशन्स समिती. दोन्ही सभागृहांत दोन्ही समित्या वेगळ्या, अध्यक्ष वेगळे, मतदानाचे दिवस वेगळे. आणि मजा अशी, की पैसे सोडणारा मॅनेजर सँक्शन करणाऱ्याच्या आकड्याला बांधील नाही. कमी सोडू शकतो, जास्तही सोडू शकतो. तुमच्या बँकेत असं चाललं असतं तर ऑडिटवाल्यांनी काय केलं असतं?

हे त्यांच्या राज्यघटनेतच आहे. कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, असं एक कलम. शिवाय सैन्यासाठी केलेलं विनियोजन दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं नको, अशी खास अट. इंग्रजांची उभी फौज दारात बसलेली त्यांनी पाहिली होती. राजाच्या हातात कायमची फौज आणि कायमचा पैसा दोन्ही नको, असा हिशेब. (नौदलाला ही अट नाही. जहाज घेऊन कोणी गावावर चालून येत नाही, असं वाटलं असावं.)

आता तुमच्या ३० जानेवारीचं. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्या तारखेला संरक्षणाचं विनियोजन तयार आहे असं वर्ष विरळा. मग लेखानुदानासारखं एक तात्पुरतं बिल काढतात, त्याला सगळे 'सीआर' म्हणतात: गेल्या वर्षीच्या पातळीवर खर्च चालू ठेवा, नवं काही सुरू करू नका, चालू उत्पादनाचा वेग वाढवू नका. यंदा तेही जमलं नाही म्हणून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकार बंद राहिलं. १२ तारखेला जे जमलं त्यात संरक्षणाला फक्त ३० जानेवारीपर्यंतचा सीआर मिळाला. तुमचा भाचा बरोबर आहे. सँक्शन १८ डिसेंबरचं, रोख ३० जानेवारीपर्यंतची. गेल्या वर्षी तर संरक्षण खात्याने अख्खं वर्ष सीआरवर काढलं. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

ऑक्टोबरचा पगार झाला तो कसा, हे बहिणीला सांगू नका, परत फोन येतील. १५ तारखेचा पगार संशोधन आणि विकासाच्या खात्यातल्या शिल्लक पैशातून काढला. दर वेळी इतकं ओढाताणीचं नसतं. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस सरकार बंद होतं, पण संरक्षणाचं विनियोजन आधीच सप्टेंबरात झालेलं, त्यामुळे आर्मी-नेव्हीचे पगार बिनबोभाट झाले. कोस्ट गार्ड मात्र होमलँड सिक्युरिटी खात्याखाली येतो आणि त्या खात्याचं बिल अडकलेलं. ते सगळे बिनपगारी बोटीवर. कुठल्या खात्याचं बिल कधी मंजूर झालं, यावर घरात दूध येणार का ते ठरत होतं.

मग एनडीएए कशाला हवं? कारण ३१ डिसेंबर. बऱ्याचशा बोनस आणि विशेष भत्त्यांची कायदेशीर मुदत दर वर्षी ३१ डिसेंबरला संपते आणि एनडीएए ती वर्षभर पुढे ढकलतं. लष्करी तळावरचं नवं बांधकामही त्याच्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून नाताळाच्या तोंडावर धावपळ. नेहमीची वार्षिक पगारवाढ, यंदाची ३.८ टक्के, ठरलेल्या सूत्राने तशीही मिळाली असती. गेल्या वर्षीची तशी नव्हती. साडेचार टक्के सगळ्यांना आणि वर दहा टक्के फक्त खालच्या चार श्रेणींना, १ एप्रिल २०२५ पासून. ते कायद्यात लिहावंच लागलं. स्पेशालिस्ट ही चौथी श्रेणी, म्हणजे तुमचा भाचा काठावर का होईना, बसला त्यात.

पार्सलचा पत्ता. हे विधेयक १९६१ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, दुसरं काही सुटेल न सुटेल, ही गाडी सुटतेच. त्यामुळे गावाकडच्या शेवटच्या एसटीसारखं होतं: ज्याला त्याला आपलं बोचकं टपावर टाकायचं असतं. २०२० च्या विधेयकात एक बोचकं होतं, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या सेनानींची नावं लष्करी तळांवरून काढा. ब्रॅग हे त्यातलंच एक. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. एक कारण ही नावं, दुसरं म्हणजे इंटरनेट कंपन्यांना संरक्षण देणारं एक जुनं कलम या विधेयकाने रद्द केलं नाही, ज्याचा सैन्याशी काडीचा संबंध नाही. हाउसने तो ३२२ विरुद्ध ८७ असा फेटाळला, सिनेटने १ जानेवारी २०२१ ला ८१ विरुद्ध १३. पहिल्या कारकिर्दीत त्यांचा नकाराधिकार मोडला गेला तो एवढा एकदाच. म्हणून जून २०२३ मध्ये लिबर्टी. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या संरक्षणमंत्र्यांनी दुसऱ्याच एका ब्रॅगच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या एका साध्या शिपायाच्या नावाने तेच नाव परत आणलं. कायदा म्हणतो त्या सेनानीचं नाव नको, हा ब्रॅग तो नव्हे. कायदाही मोडला नाही आणि पाटीही जुनीच.

स्मिथ यांचं उद्या लिहिते. ते एका बैठकीत होणारं नाही.

बंडू_बिनधास्त
२७ डिसेंबर २०२५, रात्री १०:०२

एवढं कशाला लिहिताय ताई. शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या पैसे देतात, हे बोट वर करतात. दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी. ९०१ अब्जाला ३१२ हात वर गेले, अजून काय पुरावा पाहिजे? मतदान म्हणजे नाटक आहे.

वैदेही_व्हर्जिनिया
२८ डिसेंबर २०२५, रात्री ९:२०

बंडूदादा, नाटक आहे हे मान्य. पण मी ते विंगेतून पाहिलंय म्हणून सांगते, तुम्ही शेवटचा अंक पाहून टाळ्या वाजवताय किंवा अंडी फेकताय. गोष्ट आधीच्या अंकांत घडते.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी हाउसच्या एका सदस्याच्या ऑफिसात इंटर्न होते. सदस्य कोण ते सांगत नाही. काम म्हणाल तर फोन उचलणे, शिव्या खाणे, नोंद करणे. तिथे प्रत्येक ऑफिसाच्या भिंतीवर घड्याळ असतं आणि त्यावर बारके दिवे. मतदान लागलं की घंटा वाजते. दोन घंटा म्हणजे पंधरा मिनिटांचं मत, पाच घंटा म्हणजे पाच मिनिटांचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं आग लागली. तिसऱ्या आठवड्यात दोन घंटा ऐकू आल्या की हात आपोआप सदस्याच्या फाइलकडे जायचा. एकदा त्यांचं मतदानाचं कार्ड टेबलावरच राहिलं. ते घेऊन मी भुयारी वाटेने कॅपिटॉलपर्यंत, म्हणजे संसद भवनापर्यंत, धावले आणि सभागृहाच्या दारात अडले, कारण इंटर्नला आत प्रवेश नाही. आत त्यांनी तोवर कागदी चिठ्ठीवर मत देऊन टाकलं होतं. माझी धाव फुकट, वर दम लागला तो वेगळाच.

तर पहिला अंक समितीत. हाउसची आर्म्ड सर्व्हिसेस समिती वर्षातून एकदा विधेयक उघड्यावर चिरायला बसते, सकाळी सुरू होतं ते मध्यरात्र उलटेपर्यंत. त्या वर्षी शेवटी मत झालं ५८ विरुद्ध १. तो एक म्हणजे कॅलिफोर्नियाचे रो खन्ना, आकडाच फार मोठा आहे हे त्यांचं जुनं म्हणणं. स्मिथ त्या ५८ मध्ये. (सिनेटची समिती हेच काम बहुतेक बंद दाराआड करते. तिथे मध्यरात्र झाली तरी कोणाला कळत नाही.)

दुसरा अंक कोणी पाहतच नाही. कॅपिटॉलमध्ये एच-३१३ क्रमांकाची एक खोली आहे, हाउसची रूल्स कमिटी तिथे बसते. तेरा सदस्य, त्यात नऊ सत्ताधारी आणि चार विरोधी. त्या वर्षी संरक्षण विधेयकावर हजाराच्या वर उपसूचना आल्या होत्या. त्यांतल्या कुठल्या सभागृहात मताला जाणार हे ती तेरा माणसं ठरवतात. उरलेल्या तिथेच संपतात आणि त्यांच्यावर कोणाचंच मत कुठेच नोंदलं जात नाही. बंडूदादा, पैशाचा जोर कुठे लागतो हे शोधायचं असेल तर त्या खोलीपासून सुरुवात करा. तिथे कोणाला बोटसुद्धा वर करावं लागत नाही.

तिसरा अंक मी गॅलरीतून पाहिला, १३ जुलैला. फोन खाली जमा करावा लागतो, त्यामुळे हातात फक्त कागद आणि पेन्सिल. खुर्च्यांच्या पाठीला मतदानाची यंत्रं, कार्ड खुपसायचं आणि बटण दाबायचं. सभापतींच्या आसनाच्या वर भिंतीवर सगळ्यांची नावं उजळतात आणि नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका. उपसूचनांची मतं दोन-दोन मिनिटांत उरकत होती. खाली सदस्य पाठमोरे उभे राहून गप्पा मारतायत, कोणी पाठीवर थाप मारतंय, आणि वर भिंतीवर युक्रेनला लष्करी मदत पूर्ण थांबवायची का, ७० विरुद्ध ३५८, नाही. तीनशे दशलक्ष डॉलरची युक्रेनची तरतूद काढायची का, ८९ विरुद्ध ३४१, नाही. आणि त्यातच एक मत असं, की गप्पा थांबल्या. महिला सैनिकाला गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर प्रवासखर्च लष्कराने द्यायचा, असं तेव्हाचं धोरण होतं. ते रद्द करणारी उपसूचना टेक्ससच्या रॉनी जॅक्सन यांची. सगळ्यांच्या माना वर. मंजूर, २२१ विरुद्ध २१३. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी बोटं मोडली. आनंदाने की संतापाने ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या एका कलमाने विधेयक दुसरंच झालं. दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, समितीत ५८ विरुद्ध १ असलेलं तेच विधेयक २१९ विरुद्ध २१० ने कसंबसं तरलं. फक्त चार डेमोक्रॅट बाजूने, फक्त चार रिपब्लिकन विरोधात. स्मिथ: नाही.

मग चौथा अंक. हाउस आणि सिनेटच्या समित्यांचे दोघे अध्यक्ष आणि दोघे विरोधी वरिष्ठ, हे चौघे बसून एकच मसुदा काढतात. काका, तुमचे 'लिहिणारे चौघे' ते हेच. जॅक्सन यांचं कलम तिथे गळालं. डिसेंबरात सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १३, हाउसमध्ये ३१० विरुद्ध ११८. स्मिथ: हो. आता गंमत बघा. या ११८ नाहींमध्ये ७३ रिपब्लिकन होते आणि ४५ डेमोक्रॅट. कोणी म्हणालं गर्भपाताचं कलम का काढलं, कोणी म्हणालं आकडा फुगलाय, कोणी म्हणालं परदेशी लोकांवर पाळत ठेवण्याच्या कायद्याची मुदत चार महिने वाढवणारं बोचकं यात का टाकलंत. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच रकान्यात. अशा यादीवरून "हे सैन्याच्या विरोधात" किंवा "हे शांततावादी" म्हणणं म्हणजे एकाच बसथांब्यावर उभे आहेत म्हणून सगळे एकाच लग्नाला चाललेत म्हणण्यासारखं आहे.

आता तुमचं २०२४. समितीत ५७ विरुद्ध १, स्मिथ हो. जूनमध्ये हाउसमध्ये २१७ विरुद्ध १९९, तशाच उपसूचना चिकटल्यावर स्मिथ नाही. डिसेंबरात चौघांचा मसुदा आला, त्यात पगारवाढ होती, आणि शेवटच्या टप्प्यावर आणखी एक कलम बसवलं गेलं: सैनिकांच्या अल्पवयीन मुलांना लिंगओळखीसंबंधीचे काही उपचार लष्करी आरोग्य योजनेतून मिळणार नाहीत. २८१ विरुद्ध १४० ने मंजूर. स्मिथ नाही. पगारवाढीला नव्हे. पगारवाढीवर त्यांना वेगळं बटण कोणी दिलंच नाही. पान वाढलं तेच अख्खं, मीठ जास्त पडलंय म्हणून एकच वाटी बाजूला सारता येत नाही. आणि आपण नाही म्हटलं तरी ते मंजूर होणार हेही त्यांना ठाऊक होतं. मतं काठावर असती तर काय केलं असतं, हा प्रश्न मला त्यांना विचारायला आवडेल.

अॅड_कुलकर्णी_पुणे
२९ डिसेंबर २०२५, सकाळी ७:५०

वाचतोय. वैदेहीताई, एक शंका. ज्येष्ठ नेता स्वतःच लिहिलेल्या विधेयकाविरुद्ध मत देतो, ७३ जण आपल्याच सभापतीने आणलेल्या विधेयकाविरुद्ध जातात, आणि सदस्यत्व जात नाही? आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, पक्षादेश मोडला की घरी. अर्थात आपल्याकडे संरक्षणाच्या मागण्यांवर वेगळं मत द्यायची वेळच येईल तर शपथ. २३ मार्च २०२३ ला लोकसभेत सुमारे ४५ लाख कोटींच्या सगळ्या अनुदान मागण्या गिलोटिनखाली एकत्र, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. त्यात संरक्षणही आलं. कपात सूचना द्यायची सोय नियमात आहे, एक रुपयाची, शंभर रुपयांची, पण ती लागली तर सरकारच पडेल म्हणून लागत नाही. त्यामुळे "आमच्या खासदाराने संरक्षण खर्चावर काय मत दिलं" हा प्रश्न इथे कोणाला पडतच नाही. तिथे पडतो, याचाच मला हेवा वाटला.

वैदेही_व्हर्जिनिया
२९ डिसेंबर २०२५, रात्री ८:४५

कुलकर्णी सर, तसा कायदा इथे नाही. व्हिप आहेत, पण त्यांचं मुख्य काम मतं मोजणं आणि फोन करणं. फार तर समिती काढून घेतील, निधी उभारताना हात आखडतील. सरकार पडायचा प्रश्नच नाही, कारण राष्ट्राध्यक्ष सभागृहावर अवलंबून नाही. म्हणून ते मोकळे. पण फार हेवा करू नका, मोकळीक कशासाठी वापरतात तेही पाहा. इथे बंडूदादांना थोडे गुण देते.

हवाई दलाने २०१४ पासून कित्येक वर्षं सांगितलं की ए-१० ही जुनी विमानं निवृत्त करू द्या, पैसे दुसरीकडे वापरायचेत. काँग्रेसने वर्षामागून वर्ष एनडीएएत लिहून ठेवलं, नाही, अमुक इतकी ठेवायचीच. २०१२ च्या सुमारास आर्मी म्हणाली आम्हाला सध्या आणखी रणगाडे नकोत. ओहायोतल्या लायमा गावी रणगाड्यांचा कारखाना आहे. रणगाड्यांना पैसे मिळाले. जादा झालेले तळ बंद करायची शेवटची फेरी २००५ ची, त्यानंतर पेंटॅगॉनने किती वेळा मागितली तरी काँग्रेसने नवी दिली नाही. यात पाकीट लागत नाही, बंडूदादा. कारखान्यात काम करणारे मतदार पुरतात. शस्त्रकंपन्यांनाही हे कळतं, म्हणून एकेका विमानाचे सुटे भाग डझनावारी राज्यांत बनवून घेतात.

आणि आकड्यावरच थेट मत झालेलं पाहायचं असेल तर जुलै २०२० काढा. संरक्षण खर्च सरसकट दहा टक्क्यांनी कापा, एवढीच उपसूचना. हाउसमध्ये ९३ विरुद्ध ३२४. सिनेटमध्ये बर्नी सँडर्स यांची तशीच, २३ विरुद्ध ७७. शेवटच्या मतापेक्षा हे मत जास्त खरं बोलतं, कारण प्रश्न एकच होता. एप्रिल २०२४ मध्येही तसंच झालं. परदेशांच्या मदतीचं ९५ अब्जांचं गाठोडं सभापतींनी मुद्दाम सोडलं आणि वेगवेगळी मतं घेतली. युक्रेन ३११ विरुद्ध ११२, इस्राएल ३६६ विरुद्ध ५८, तैवान आणि आसपासचा प्रदेश ३८५ विरुद्ध ३४. कोण कुठे उभा आहे ते त्या दिवशी स्वच्छ दिसलं. एरवी गाठोडं बांधून ठेवण्यातच सगळ्यांची सोय असते.

यंदा तर तिसरीच वाट निघालीय. जुलैत जे मोठं कर आणि खर्चाचं विधेयक आलं, त्यात संरक्षणाला जवळजवळ १५० अब्ज दिले. एनडीएए नाही, नेहमीचं विनियोजनही नाही. सिनेटमध्ये एरवी कुठलंही विधेयक पुढे सरकायला साठ मतं लागतात, या वाटेने साधं बहुमत चालतं. ५०-५० बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने पार. ते पैसे हिशेबात धरले नाहीत तर ९०१ हा आकडासुद्धा अर्धवट आहे. शिवाय त्या ९०१ मधले तीसेक अब्ज संरक्षण खात्याचे नाहीतच, ऊर्जा खात्याचे आहेत. अण्वस्त्रं बनवायचं काम त्यांच्याकडे असतं. हे कळलं तेव्हा माझाही चहा निवला होता.

काका, स्वतः पाहायचं असेल तर हाउसच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक मताला रोल कॉल क्रमांक असतो. तारीख टाका, यादी उघडा. वर प्रश्न काय होता ते आधी वाचा, मग नावं. उपसूचना होती, विधेयक कसं चर्चेला घ्यायचं त्याचा नियम होता, की अंतिम मत, तिन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि बातमीत तिन्हींना "संरक्षण विधेयकावरचं मत" म्हणतात. सिनेटची यादी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. तिथे यंत्र नाही, नाव पुकारतात, आणि काही जण तोंडाने उत्तरही देत नाहीत, अंगठा वर किंवा खाली.

बंडू_बिनधास्त
२९ डिसेंबर २०२५, रात्री ९:३०

एच-३१३ चा मुद्दा पटला. बाकी मी नाटकच म्हणणार.

निवृत्त_सांगलीकर
३० डिसेंबर २०२५, दुपारी ४:१५

वैदेही, काल रात्री नातवाला बसवून त्या क्लार्कच्या यादीत शिरलो. १४ जुलै २०२३ काढलं, २१९-२१०. मग डिसेंबरचं ३१०-११८. दोन्ही याद्या कागदावर उतरवल्या आणि लाल पेनाने खुणा केल्या. लेजर टॅली करायची सवय मोडत नाही. दोन्हीकडे 'नाही' म्हणणारे बघता बघता पानभर झाले आणि तू म्हणतेस तशी त्यांत कोणाची कोणाशी जात जुळेना. साडेअकराला सौ.ने दिवा घालवला.

सँक्शन आणि डिसबर्समेंट हे मला आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे एका साखर कारखान्याचं सँक्शन लेटर फ्रेम करून केबिनमध्ये लावलेलं मी पाहिलंय. पैसे शेवटपर्यंत सुटले नाहीत.

३० जानेवारीला कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल केलाय. भाच्याला फोन केला, चौथ्या श्रेणीचं विचारलं. म्हणाला, एप्रिलपासून खरंच वाढले, त्यातून त्याने जुनी गाडी घेतली. मी विचारलं, स्मिथ यांनी नाही म्हटलं होतं हे माहीत आहे का? म्हणाला, "कोण स्मिथ?"

बहिणीला आज सकाळी सगळं समजावून सांगितलं. दोन समित्या, चार अंक, सीआर, सगळं. शांतपणे ऐकलं तिने. मग म्हणाली, "ते असू दे. पत्ता तरी आता तोच राहणार ना?"